खाली ठेवलेला भोंगा

आमच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा आवाज ज्याच्या हातात होता, त्याचा स्वतःचा आवाज ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. तो बॉयलरवर होता आणि भोंग्याची साखळी ओढणं त्याच्याकडे होतं. बोलायला लागला की वाटे, हा आता काहीतरी गुपित सांगणार. आणि तो सांगे, ‘पाण्याचा नळ गळतोय.’ म्हणून कुणीतरी त्याला कुजबुजे म्हणायला लागलं. ते नाव इतकं चिकटलं की नवीन लागलेली माणसं त्याला त्याचं आडनावच समजत. एकदा तर ऑफिसातून आलेल्या पत्रावर चक्क ‘श्री. कुजबुजे’ असं टाइप केलेलं होतं. त्याने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. तक्रार करायची तर आवाज चढवावा लागतो.

मी हजेरीच्या टेबलावर होते, एकतीस वर्षं. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला माझी खिडकी, खिडकीत मस्टर आणि मस्टरशेजारी दोन पेनं. आठच्या भोंग्यानंतर पाच मिनिटं निळं पेन, मग लाल. तोंडावर सगळे मला हजेरीबाई म्हणत आणि पाठ वळली की लाल शाई. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

कारखाना ब्लँकेटांचा. लोकर पिंजताना तिचे तंतू उडतात आणि मग खाली बसायचं नाव घेत नाहीत. सकाळी उंच खिडक्यांतून ऊन आत उतरलं की त्या उजेडात ते तरंगत राहत, धुलाईतून येणारी वाफ त्यात मिसळे, आणि पलीकडे काम करणारी माणसं कधी दिसत, कधी विरून जात. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी लव साचे. तिशीतली माणसं दुपारपर्यंत म्हातारी होत आणि पाच वाजता तोंड धुऊन तरुण होऊन घरी जात. मी खिडकीतून हे रोज बघत असे आणि कधी कधी मस्टरवर कुणाचं नाव आलंय ते विसरून जाई.

आमचा भोंगा दिवसातून चार वेळा होई. आठला काम सुरू, बाराला जेवणाची सुट्टी, साडेबाराला पुन्हा काम, पाचला सुटका. सगळं गाव त्यावर चाले. आणि तो नुसता वाजत नसे. आधी एक छोटासा आवाज, घसा साफ केल्यासारखा. मग लांबलचक मोठा सूर. आणि शेवटी तो सूर एकदम तुटत नसे. हळूहळू उतरत, उतरत इतका खाली येई की संपला कधी ते कळत नसे. दुसऱ्या कारखान्यांचे भोंगे मी ऐकले आहेत, ते मान कापल्यासारखे थांबतात. आमचा असा का, हे मी एवढ्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. आपल्याला असतं ते तसंच असतं असं वाटतं.

आता पोटदुखीकडे येते.

आमच्या रजेच्या अर्जावर कारणाचे तीन रकाने छापलेले होते. स्वतःचं आजारपण, घरातलं लग्न, घरातला मृत्यू. म्हणजे आमच्या कारखान्याच्या मते माणूस एकतर आजारी पडतो, नाहीतर घरातलं कुणी लग्न करतं किंवा मरतं. मधल्या काळात घरात कुणाला काहीही होत नाही. कुजबुजेने एका वर्षात एकोणीस अर्ज दिले. एकोणीसच्या एकोणीस अर्जांवर एकच कारण, पोटदुखी. कधी अर्धा दिवस, कधी सकाळचा एक तास. माणूस तर काठीसारखा ताठ, चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नाही. विसावा अर्ज आला तेव्हा माझं डोकं फिरलं. चांगली रांग लागलेली असताना, सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, “कुजबुजे, एवढं पोट दुखतं तर दाखवा कुणाला तरी. नाहीतर तिखट बंद करा. नाहीतर खोटं बंद करा.”

रांगेत हशा पिकला. त्याने ओठ हलवले.

“काय म्हणालात?”

“बरं, बाई,” असं म्हणाला होता तो. मला ते मागच्या माणसाने सांगितलं.

त्यानंतर सातआठ दिवसांनी एका सकाळी धुकं पडलं. आमच्याकडे थंडीत धुकं पडतंच, पण त्या दिवशी फाटकावरून माझी खिडकी दिसत नव्हती आणि खिडकीतून फाटक. आठ वाजले. माझ्या मनगटावरच्या घड्याळात वाजले, भिंतीवरच्या घड्याळात वाजले, पण भोंगा झाला नाही. आणि मग एक गंमत झाली. फाटकाबाहेर पन्नाससाठ माणसं डबे घेऊन उभी होती आणि एकही आत येईना. प्रत्येकाच्या हातावर घड्याळ असेल. पण भोंगा झाला नाही म्हणजे आठ वाजले नाहीत. पलीकडचा न्हावी अर्धं शटर उचलून तसाच थांबला होता. शाळेची घंटाही झाली नाही, कारण शिपाई आमच्या भोंग्याची वाट पाहत होता. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. गाव आठच्या अलीकडे उभं राहिलं होतं, आणि मला आठवतं, ती पंचवीस मिनिटं मला विलक्षण सुंदर वाटली होती. मग मात्र मी लाल पेन उचललं आणि बॉयलरकडे निघाले.

बॉयलरच्या खोलीत तो होता. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत ओली. आणि त्याच्या स्टुलावर आमच्याच कारखान्याच्या करड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक बाई बसली होती. केस पिकलेले, नीट विंचरलेले. तिची बोटं ब्लँकेटची कड दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती.

“उजाडायच्या आत दार उघडून गेली,” तो म्हणाला. मी चार पावलं पुढे गेले, तेव्हा उरलेलं ऐकू आलं. “नदीच्या पायऱ्यांवर सापडली. घरी एकटी ठेवायचा धीर होईना.”

मग त्याने वाफेचा काटा बघितला आणि साखळी ओढली. खोली थरथरली. बाईने मान वर केली. सूर उतरत उतरत जमिनीला टेकेपर्यंत ती ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे बघून हसली, घरी आलेल्या पाहुणीकडे बघून हसावं तशी.

“पोहोचले हो आमचे हे,” ती म्हणाली. “त्यांचाच हात आहे हा.”

आणि मग त्याच्याकडे वळून, जरा काळजीने, “तुमचा पाय ओला आहे. कोण तुम्ही? घरचे वाट बघत असतील ना?”

माझ्या हातात लाल पेन होतं. मी ते पदराआड धरलं.

त्या सकाळी, बॉयलरच्या उबेत, त्याच्या तोंडाशी कान नेऊन मी सगळं ऐकलं. चार वर्षं झाली होती. आधी बायको किल्ल्या विसरू लागली, मग रस्ते, मग माणसं. मुलगी दूर देशी, तिचा फोटोही आता ओळखू येत नव्हता. नवराही ओळखू येत नव्हता. फक्त एक गोष्ट शाबूत राहिली होती, भोंगा. लग्न होऊन आली तेव्हा तिनेच त्याला सांगितलं होतं, “अहो, तो असा तोडत नका जाऊ, छातीत धस्स होतं. हळू खाली ठेवा.” तेव्हापासून बत्तीस वर्षं तो भोंगा खाली ठेवत होता. सकाळी भोंगा झाला की ती म्हणे, पोहोचले. पाचचा भोंगा होऊन थोड्या वेळाने दार वाजलं की ती म्हणे, “आलात? दमलात?” तेवढ्यापुरती ती त्याला ओळखे, नावानिशी, रागालोभासकट. तासाभराने पुन्हा विचारे, तुम्ही कोण.

“नोकरी सोडायचा विचार केला होता, बाई,” तो म्हणाला. “पण नोकरी सोडली तर भोंगा गेला. भोंगा गेला की ‘आलात’ गेलं. मग मी घरात असून कोण?”

मला स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि तो फक्त त्या रांगेतल्या बोलण्याचा नव्हता. माझी आई शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मीही अर्ज दिले होते. माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने. सगळ्यांवर ‘ताप’ लिहिलं होतं. मला एकदाही ताप नव्हता. म्हणजे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याला खोटारडा म्हटलं होतं.

मी तडक धाकट्या साहेबांकडे गेले. धाकटे साहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. थोरले साहेब हयात असल्यामुळे बिचाऱ्यांना मोठं व्हायची संधीच मिळाली नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “वाईट वाटतं हो. पण अर्जात तसा रकाना नाही.”

“रकाना ना?” मी म्हटलं. त्यांच्याच टेबलावरची पट्टी घेतली, कोरा अर्ज घेतला आणि लाल शाईने चौथा रकाना आखला. वर काय लिहायचं ते सुचेना. सेवा, शुश्रूषा, सगळे शब्द कसे इस्त्री केल्यासारखे. शेवटी लिहिलं, ‘घरी कुणीतरी आहे’.

साहेबांनी तो कागद खिडकीशी नेऊन वाचला. खिडकीबाहेर धुकं विरत होतं. “महिनाभर बघू,” ते म्हणाले.

पहिले दोन दिवस कुणी त्या रकान्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शिवणखात्यातल्या एका बाईने लिहिलं, सासरे. मग जणू बांध फुटला. पिंजणखात्यातल्या दोघांच्या आया. एकाचा भाऊ, लहानपणापासून अंथरुणावर. त्याला भाऊ आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. एकाची मुलगी. चौऱ्याऐंशी माणसांच्या कारखान्यात महिन्याभरात एकतीस नावं. इतकी वर्षं मी यांची पोटदुखी, कंबरदुखी, दातदुखी मस्टरवर चढवत आले होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक घडी घातलेला अर्ज आला. चौथ्या रकान्यात खूण, आणि पुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं: वडील, मी भरवल्याशिवाय जेवत नाहीत, दुपारी एक तास. खाली धाकट्या साहेबांची सही.

कुजबुजेची व्यवस्था अशी ठरली. सकाळी शेजारची मावशी वहिनींजवळ, म्हणजे त्याच्या बायकोजवळ, बसायची. बाराचा भोंगा देऊन तो घरी जायचा, चालत दहा मिनिटं. दुपारनंतर बॉयलर सांभाळायला त्याचा जोडीदार होताच. पण जोडीदाराला एका कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे साडेबाराचा आणि पाचचा भोंगा रंगाऱ्याने द्यायचा असं ठरलं. रंगारी म्हणजे लोकरीला रंग देणाऱ्या खात्याचा मुकादम. आडवातिडवा माणूस, कोपरापर्यंत हात कायम निळे नाहीतर तांबडे, आणि तोंड उघडलं की कारखानाभर ऐकू जाई. त्याने पहिल्या दिवशी साखळी ओढली आणि सोडली. भोंगा मान कापल्यासारखा थांबला.

दुसऱ्या दिवशी कुजबुजे माझ्या खिडकीशी येऊन ओठ हलवत उभा राहिला. भोंगा तुटला तेव्हा वहिनी किंचाळल्या होत्या. यांना काहीतरी झालं, बॉयलर फुटला, म्हणून रडत बसल्या होत्या. “पण रंगाऱ्याला सांगू नका,” तो म्हणाला. “त्याला वाईट वाटेल.”

मी अर्थातच लगेच सांगितलं. रंगाऱ्याचा चेहरा त्याच्या हातांसारखा झाला. “मग शिकव मला,” तो गरजला. आता भोंग्याची तालीम करायची कशी? उगाच वाजवला तर गाव जेवण सोडून उठेल. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लोकरीच्या कोठीत तालीम सुरू झाली, तोंडाने. छतापर्यंत रचलेले लोकरीचे गठ्ठे, मऊ अंधार, आणि त्यात घोड्याएवढा रंगारी गाल फुगवून ‘हूऽऽऽ’ करतोय, शेजारी कुजबुजे हाताने दाखवतोय, आता उतरव, आणखी हळू, आता जमिनीवर टेकव. शिवणखात्यातल्या बाया तोंडात पदर कोंबून बघायच्या. मी परीक्षक. लोकर आवाज पिऊन टाकते, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता. नऊ दिवस ही तालीम चालली, आणि तेवढे दिवस चारही भोंगे कुजबुजेच देई. दहाव्या दिवशी रंगाऱ्याने साडेबाराचा भोंगा दिला आणि मी लिहिता लिहिता थांबले. घसा साफ केल्यासारखा तो छोटा आवाज, तो लांब सूर, ते उतरणं. कुजबुजे तर घरी गेलेला. तरी हा त्याचाच हात होता. रंगारी बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कुणी थट्टा केली नाही.

आम्ही सगळे स्वतःवर फार खूश होतो. दोन आठवडे खूश होतो.

मग एका दुपारी माझी दाढ ठणकायला लागली, खरोखरची, आणि मी डॉक्टरकडे निघाले. वाट कुजबुजेच्या गल्लीवरून जाते. दोन बाजूंना बुटकी घरं, मध्ये उतरती फरसबंदी, सगळीकडे पिवळं ऊन आणि कुणी नाही. त्याच्या दाराच्या पायरीवर तो बसला होता. हात गुडघ्यांवर. दार किंचित उघडं, आणि त्या फटीतून तो आत बघत होता.

“कुजबुजे? बाहेर कसे?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर ठीक, पण त्याने! मी पायरीवर टेकले.

“साडेबाराचा भोंगा झाला की मला बाहेर यावं लागतं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“भोंगा होतो. ती म्हणते, हे कारखान्यात आहेत. मग मला म्हणते, भाऊ, आता तुम्ही निघा. आमचे हे घरात नसताना परक्या माणसाने बसून राहणं बरं दिसत नाही. पाचला येतात ते, तेव्हा या.” त्याने फटीतून पुन्हा आत बघितलं. “आधी पाच मिनिटांत विसरायची. आता रंगाऱ्याचा भोंगा इतका छान होतो की तिची खात्रीच पटते.”

“आणि मग तुम्ही?”

“इथे बसतो. फटीतून दिसते. उठली तर आत जातो. पाचचा भोंगा झाला की दहा मिनिटं थांबतो आणि दार वाजवतो.”

“किती दिवस?”

“चौदा.”

आम्ही चौऱ्याऐंशी माणसांनी मिळून या माणसाला दुपारभर घरी पाठवलं होतं, आणि आमच्याच कौतुकाच्या भोंग्याने त्याला त्याच्या घराबाहेर काढलं होतं. “रजा काय पायरीवर बसायला दिली होती?” मी ओरडले, म्हणजे कुजबुजण्याच्या आवाजात जेवढं ओरडता येतं तेवढं. “सांगितलं का नाहीत?”

“एवढं शिकला तो,” कुजबुजे म्हणाला. “नऊ दिवस.”

आत वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. उन्हाचा चौकोन त्यांच्या मांडीवर पडला होता आणि त्या त्याची कड दुमडायचा प्रयत्न करत होत्या. मी दाढ विसरले आणि कारखान्यात परत आले.

रंगाऱ्याला सांगितलं तेव्हा तो गठ्ठ्यावर मटकन बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू निघाला. “मग मी मुद्दाम वाईट वाजवू?” असं विचारलं त्याने. शिवणखात्यातली ती बाई, सासऱ्यांवाली, ब्लँकेटला काठ लावता लावता म्हणाली, “तिला किती वाजले ते कुठे कळतं? भोंगा झाला, हे पोहोचले. पुढचा भोंगा झाला, हे यायला निघाले. एवढंच ना? मग बारालाच यायला निघू देत की. त्यापुढचे भोंगे हवेतच कशाला?”

इतकं सोपं होतं ते. आठला कुजबुजेने भोंगा द्यायचा, बाराला द्यायचा आणि घरी जायचं. त्यानंतर दिवसभर भोंगा मुका. कारखान्यात हाताने घंटा वाजवायची.

धाकटे साहेब उडालेच. “आजोबांच्या वेळचा भोंगा आहे तो. एका माणसाच्या बायकोसाठी गावाची दुपार बंद करायची?” मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वडिलांना भरवायची त्यांची वेळ झाली होती. त्यांनीही बघितलं. उठताना म्हणाले, “घंटा कोण वाजवणार?”

“मी,” म्हटलं.

पहिल्या दिवशी मी कुजबुजेबरोबर गेले. त्याने बाराचा भोंगा दिला, हात धुतले, केसांतली लोकर झटकली. दारापाशी तो थांबला. बॉयलरच्या तोंडाशी बत्तीस वर्षं निर्धास्त उभा राहिलेला माणूस, त्याचा हात कडीवर जाईना. शेवटी मीच दार वाजवलं आणि बाजूला झाले. मावशीने उघडलं. तो आत गेला. मी श्वास धरून ऐकत होते.

“आलात?” आतून आवाज आला. “दमलात? बघा ना, आज ऊन कलायचं नावच घेत नाही.”

“दिवस मोठा आहे आज,” तो म्हणाला. हे मात्र मला पायरीवरून स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर आमच्या गावाच्या दुपारी विचित्र झाल्या. फाटकावर मी पाटी लावली होती, ‘दुपारचा भोंगा पुढील सूचनेपर्यंत बंद’. कारण लिहिलं नव्हतं. न्हाव्याने दोनदा तक्रार केली, शिंप्याने एकदा लेखी. पाच वाजलेच नाहीत असं वाटून माणसं दुकानांत बसून राहत. मग मावशीकडून कारण हळूहळू पसरलं आणि तक्रारी थांबल्या. मी हातात पितळी घंटा घेऊन खात्याखात्यांतून फिरे. तरंगत्या लोकरीतून चालताना मला वाटे, आपण पाण्याखालून चाललो आहोत. रंगारी म्हणायचा, “आली हो लाल शाई, घंटा बांधून.” मी त्याला तेवढं बोलू देत असे. कुजबुजेला रोज आठचा हात होता, बाराचा हात होता आणि एक लांबच लांब संध्याकाळ होती. मध्ये मध्ये वहिनी विसरायच्या, तुम्ही कोण विचारायच्या. पण आता त्यांना घराबाहेर जा म्हणायला कारण उरलं नव्हतं. भोंगाच होत नव्हता.

पावणेदोन वर्षं असं चाललं. मग वहिनींनी अंथरूण धरलं. कुजबुजेने चौथ्या रकान्यात अर्ज दिला, दिवसांच्या जागी काही लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आठचा आणि बाराचा भोंगा आता रंगाऱ्याकडे आला.

दहाव्या दिवशी, पाचला दोन मिनिटं कमी असताना, मी घंटा हातात घेऊन दाराशी उभी होते. आणि भोंगा झाला.

आधी घसा साफ केल्यासारखा छोटा आवाज. मी रंगाऱ्याकडे बघितलं. तो माझ्यासमोरच उभा होता, निळे हात तसेच हवेत. मग लांब सूर. माग थांबले. शिवणयंत्रं थांबली. एकेक माणूस आपल्या जागी उभं राहिलं. सूर उतरायला लागला, आणि असा उतरत राहिला की तेवढा लांब तो पूर्वी कधीच झाला नव्हता. संपला तेव्हाही आम्हाला वाटत होतं की अजून चालू आहे. मी घंटा टेबलावर ठेवली.

बॉयलरच्या खोलीत तो उभा होता. स्वच्छ सदरा, दोन्ही पायांत चपला. साखळी अजून हातात. रंगारी माझ्यामागून आत आला आणि दारातच थांबला.

“सकाळपासून डोळे मिटलेलेच होते,” कुजबुजे म्हणाला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाशी कान घेऊन गेलो. “मग बाराचा भोंगा झाला. तुझा. मी उठलो, बाहेर गेलो, दार लावलं. दहा मिनिटं पायरीवर बसलो. मग दार वाजवून आत आलो.” त्याने रंगाऱ्याकडे बघितलं. “म्हणाली, आलात?”

रंगारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“तीनला गेली,” कुजबुजे म्हणाला. मग त्याने साखळी हळूच सोडली, तिचा आवाज होणार नाही अशी, आणि माझ्याकडे वळला. “ऐकलंत ना, बाई? नीट खाली ठेवला ना मी?”

“ठेवलात,” मी म्हटलं.